ओवा, शेपा आणि हिंगोलीचा दवाखाना

दुखायला लागलं की मला पडून राहता येत नाही. बाकीच्या बायका गुडघे पोटाशी घेऊन निजतात, मी चालते. कुरुंद्याच्या आमच्या घरी अंगणातल्या नळापासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून परत नळापर्यंत. बसले तर कळ वर चढते, निजले तर कंबरेत उतरते. चालत राहिलं की ती नेमकी कुठे आहे याचा निदान पत्ता लागत नाही. शेळ्या सुरुवातीला माझ्यामागे माना वळवायच्या, पुढे त्यांनीही नाद सोडला.

तेव्हा मी वसमतच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पाळीच्या पहिल्या दिवशी मी वर्गात खुर्चीकडे फिरकायचे नाही, बाकांच्या मधल्या बोळांतून सारखी फिरत राहायचे. मुलांचा समज असा की बाई आज तापल्यात. त्या दिवशी कोणी चुळबूळ करायचं नाही, वह्या न मागता टेबलावर यायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा मीटिंगमध्ये माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मी मान डोलावली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून दारापर्यंत जाऊन आले.

आईकडे औषधांचा तोटा नव्हता. दिवस जवळ आले की स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज यायला लागायचे. आधी ओवा आणि काळं मीठ उकळून केलेला काढा. त्यानं जीभ अशी पोळायची की घटकाभर पोटाचा विसर पडायचा. मग भाजलेला बाळंतशेपा चावायचा, कोमट पाण्याबरोबर मेथीचे दाणे गिळायचे, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा. एरंडाच्या पानाला तेल चोपडून ते तव्यावर गरम करायचं आणि ओटीपोटावर बांधायचं. हळद-दूध तर असायचंच. हळद पिकवणाऱ्या घरात ते कोण चुकवणार? बाजारात जाणारी आमची हळद पॉलिश होऊन चकचकीत व्हायची, पण आई घरापुरत्या मळकट कांड्या आधीच बाजूला काढून स्वतः कुटायची, कारण औषधाला तीच चांगली असं तिचं ठाम मत. शेवटी चुलीपाशी तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायला मिळायची. खरं सांगायचं तर या सगळ्यात ती वीटच तेवढी कामाची होती. पण शेक घ्यायला माणसाला एका जागी पडावं लागतं आणि माझं घोडं तिथेच अडायचं. मी वीट पोटाशी धरून अंगणात फेऱ्या मारायचे.

हे सगळं बाबांच्या नकळत चालायचं. त्यांना सांगितलेलं असायचं की पोरीला पित्त झालंय. हे पित्त महिन्याच्या महिन्याला न चुकता कसं येतं, असं त्या भल्या माणसानं कधी विचारलं नाही. वसमतहून येताना ते आठवणीनं पित्ताच्या गोळ्या आणायचे आणि माझ्या ताटात वांगं पडू द्यायचे नाहीत. मला वांगं अतिशय आवडतं. एका शब्दाचा उच्चार करायचा नाही म्हणून मी कित्येक वर्षं घरात भरलं वांगं खाल्लं नाही, याचा मला अजून राग येतो.

शाळेत दुसरा दवाखाना होता. माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्या एक बाई मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ बघायच्या आणि मधल्या सुट्टीत माझ्यावर इलाज करायच्या. महिन्याचा पहिला पंधरवडा जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसरा पंधरवडा तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. त्यानंतर मॅग्नेशियमच्या गोळ्या आल्या, मग शतावरीच्या पावडरीचा डबा आला, व्हॅनिलाच्या चवीचा. बियांचं आईला लगेच पटलं. जवस आणि तीळ घरचेच होते, आणि काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरलं की त्याच्या बिया ती सुपात घालून उन्हाला ठेवायला लागली. मॅग्नेशियमवर तिचा विश्वास बसला नाही. शतावरीच्या डब्यावर मात्र एका हसऱ्या बाईचं चित्र होतं, म्हणून तो तिनं देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवला.

एखादा महिना बरा जायचा. तो बरा गेला की त्या महिन्यात जे काही खाल्लेलं असेल त्याचा गाजावाजा व्हायचा. पुढचा महिना वाईट गेला की आईच्या लेखी दोष माझा. "दही खाल्लं असशील. थंड पाण्यानं न्हालीस काहून?" औषधाचा कधी दोष नसायचा. मी चिडायचे, भांडायचे, आणि पुढच्या महिन्यात काढा पुढ्यात आला की गपगुमान प्यायचे, कारण दुखण्याच्या भीतीनं माणूस काहीही पितो.

गोळी तेवढी घ्यायची नव्हती. दुखण्याच्या गोळीनं गर्भपिशवी सुकते, असं आईनं कुठेतरी ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मी विज्ञानाची शिक्षिका. मी तिला आकृती काढून समजावायचे, आणि गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवून ठेवायचे. अलीकडे तर एका गोळीनं काही व्हायचं नाही.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की आई विषय बदलायची. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दोन ठिकाणची माणसं येऊन पोहे खाऊन गेली होती, एकांचा निरोप यायचा होता. "कुवार पोरगी बायांच्या दवाखान्यात दिसली की लोक दोनच अर्थ काढतात," ती म्हणायची. "अन् दोन्हीनं ती घरातच राहती." मला काय झालंय हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कोणाला कळू नये हे आईला हवं होतं. आमच्या घरातलं सगळं भांडण एवढंच होतं. सगळ्यांनाच दुखतं, तूच नाजूक आहेस, हे इतक्या वेळा ऐकलं होतं की कधी कधी मलाही तसंच वाटायचं. कदाचित मीच नाटकी असेन, आणि चालून चालून लोकांना दाखवत असेन.

मग हळद शिजवायचे दिवस आले. शेतातून शिजून आलेली हळद घरापुढच्या अंगणात वाळत घातली होती, नळापासून गोठ्यापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वेळी माझी पाळी येऊन संपली, पण दुखणं थांबलं नाही. हे आधी कधी झालं नव्हतं. डाव्या बाजूला कोणीतरी आतून पिळून धरल्यासारखं होत होतं. मी हळदीच्या कडेकडेनं चालायचा प्रयत्न केला, कुंपणापाशी उलटी केली आणि नळाच्या ओट्यावर बसले.

आई सूप घेऊन बाहेर आली आणि मला बसलेली पाहून जागच्या जागी थांबली. मी ओरडले असते, रडले असते तर ती घाबरली नसती. त्याची तिला सवय होती.

"काहून बसलीस?" तिनं विचारलं.

"चालता येऊन न्हाई राहिलं," मी म्हणाले. तिच्याशी बोलताना माझी शाळेतली भाषा टिकत नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. "उद्या दवाखान्यात जाऊ. बाबाला सांगायचं, मावशीकडं चाललो."

आमच्या भागातली माणसं मोठ्या दवाखान्यासाठी नांदेड गाठतात. म्हणूनच आईनं हिंगोली ठरवली. नांदेडच्या प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर कुरुंद्याचं कोणी ना कोणी बसलेलं असतं, हिंगोलीला आपल्याला कोण ओळखतंय, असा तिचा हिशेब. वसमतहून आम्ही औंढ्यावरून जाणारी एस.टी. धरली. मला जागा मिळाली होती, तरी मी अर्धा रस्ता दांडी धरून उभीच होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, ताई बसून घ्या. तिसऱ्यांदा तो मला वळसा घालून पुढे गेला.

औंढा मागे पडल्यावर आईनं मला खाली ओढलं आणि पिशवीतून काळ्या मण्यांची पोत काढली. तिचीच होती, जुनी, रोज न वापरायची.

"घाल गळ्यात."

मला आधी कळलंच नाही. "मी? काहून?"

"लग्न झालेल्या बाईला तिथं कोणी तकलीफ देत न्हाई. काय झालं, कसं झालं, कोणी विचारत न्हाई. घाल माय, माझं ऐक." तिनं एक मोठी टिकलीही आणली होती, ती माझ्या कपाळाला स्वतःच लावली. आमच्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं हे सगळं पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. मला इतकी लाज वाटली की भांडायची ताकद राहिली नाही. मी पोत घातली.

दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या मुलीनं विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? आई म्हणाली, तीन. मुलं? नाहीत. मिस्टरांचं नाव? इथे आई अडकली. तिनं छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक नाव सांगून टाकलं. मी खाली मान घातली. ते तिच्या माहेरच्या बैलाचं नाव होतं. मी लहानपणी त्या बैलाला पाहिलेलं होतं, एक शिंग मोडकं, स्वभावानं गरीब. दुखत असतानाही माझ्या पोटात हसू गोळा झालं आणि त्यानं आणखी दुखलं.

नंबर यायला फार वेळ लागला. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये फिरत होते आणि आई बाकावर बसून दर वेळी मी जवळून गेले की माझा पदर ओढत होती. "बस की. लोक बघून राहिले." सगळ्या बायका बघतच होत्या. गळ्यातली पोत मला टोचत होती. तसं पाहिलं तर काळे मणी टोचत नाहीत.

डॉक्टर बाई साधारण आईच्याच वयाच्या होत्या, बोलायला तुटक. त्यांच्या खोलीत एका वेळी तीन-चार पेशंट आत घ्यायची पद्धत होती. आमच्या मागे बाकावर दोन बायका आपापले कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी माझा कागद वाचला.

"लग्नाला तीन वर्षं, मूल नाही, पाळीत दुखतं. इतके दिवस काय करत होता?"

आईला वाटलं, त्या औषधांचं विचारत आहेत. तिनं सुरुवात केली. ओवा, शेपा, मेथी, हिंग, एरंड, हळद, जवस, काशीफळाच्या बिया. बाकावरच्या एका बाईनं मध्येच मान हलवून दुजोरा दिला. डॉक्टरांनी हात वर केला.

"मिस्टर आलेत का?"

"कामाला गेलेत," आई म्हणाली.

"पुढच्या वेळी त्यांना आणा. मूल हवं असेल तर त्यांचीही तपासणी लागेल." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आज आपण आतून सोनोग्राफी करू. पोटावरून इतकं स्पष्ट दिसत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. लघवी करून या आणि आत टेबलावर झोपा."

नर्सनं हिरवा पडदा बाजूला केला. आतून म्हणजे कुठून, हे मला लगेच कळलं. मी उठले आणि त्या एवढ्याशा खोलीत वजनकाट्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. डॉक्टर म्हणाल्या, अहो, इकडे नाही, तिकडे. मला सांगता आलं असतं. पण मी तोंड उघडलं की त्या दोन बायकांसमोर माझी आई खोटी पडणार होती, आणि न उघडावं तर पडद्याच्या आत जावं लागणार होतं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही, फक्त फिरत राहिले. आई एकदा माझ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होती. "आतून" म्हणजे काय ते तिच्या आता लक्षात येत होतं. तिचा चेहरा पडला.

"थांबा बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन थांबवलं.

"तिचं लग्न न्हाई झालं. म्या खोटं सांगितलं. कुवार हाय माझी पोरगी. तिला तसं काही करू नका." ती हळू बोलली नाही. दाराबाहेरच्यांनीही ते ऐकलं असणार. मग आणखी मोठ्यानं, जणू कोणी तिला अडवत होतं, ती म्हणाली, "पण तिला लई दुखतंय. ती नाटक करून न्हाई राहिली. म्या बघितलंय."

मला आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. मी वजनकाट्याजवळ उभी होते आणि रडत होते. बाकावरच्या बायका आपापल्या कागदांत बघायला लागल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि आवाज पार बदलून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. असं काही करत नाही आपण. भरपूर पाणी प्या, लघवी तुंबू द्या, पोटावरूनच बघू."

मी बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या केल्या आणि पॅसेजमध्ये चालत राहिले. या वेळी आईनं पदर ओढला नाही. ती माझ्या बरोबरीनं चालत होती.

सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर गाठ दिसली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर काही बायकांच्या पोटात भलत्याच जागी वाढतं, दर महिन्याला तेही सुजतं आणि रक्त साठून अशी गाठ होते, असं त्यांनी सांगितलं. आधी गोळ्या, मग पुन्हा सोनोग्राफी, नाहीच जमलं तर ऑपरेशन. दुखण्याच्या गोळीनं पिशवी सुकत नाही हेही आईकडे बघून सांगितलं. "ओवा घ्या, आलं घ्या, शेक घ्या, बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण गाठ त्यानं जाणार नाही. एवढं दुखतं तेव्हा डब्यांत शोधायचं नसतं, इकडे यायचं असतं."

मला आनंद झाला. पोटात गाठ निघाल्याचा आनंद झाला असं लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच झालं. मी नाजूक नव्हते. इतकी वर्षं अंगणात मी जे घेऊन फिरत होते ते खरोखर होतं, आणि आता ते कागदावर छापून येणार होतं.

"तुमच्या घरात कोणाला असा त्रास होता का?" डॉक्टरांनी आईला विचारलं. "तुम्हाला?"

"बाईच्या जातीला असतोच की," आई म्हणाली.

"तसं नाही. उलट्या व्हायच्या? उभं राहता यायचं नाही?"

आई म्हणाली, "व्हायच्या. म्या लांबच्या वावरात निघून जायचे. घरात असलं की सासूला दिसतं." लग्नानंतर आठ वर्षांनी मी झाले, आणि माझ्यानंतर कोणी झालं नाही, हे तिनं डॉक्टरांना सांगितलं. ही आठ वर्षं मला माहीत होती, पण ती मला नेहमी नवसाची गोष्ट म्हणून सांगितली गेली होती.

"अन् काढे?" मी विचारलं. "तू बी घेत होतीस?"

"व्हय. सगळेच."

"मग थांबायचं का दुखणं?"

"न्हाई."

"मग मला काहून देत होतीस आई, इतके दिवस?" माझा आवाज चढला. दवाखाना आहे, बाहेर माणसं आहेत, याचं मला भान राहिलं नाही.

"माझ्यापाशी दुसरं काय व्हतं?" ती म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला खरंच दुसरं काही आठवत नव्हतं.

डॉक्टर गोळ्या लिहून देत होत्या. मी कागद घेतला, पिशवी उचलली. आई दारापर्यंत आली आणि तिथून परत फिरली.

"बाई, एक विचारू का? माझं आता बंद व्हायला आलंय. दोन-दोन महिने येत न्हाई. बंद व्हायच्या आधी एकदा बघता येईल का, काय व्हतं ते? इलाज नका करू. नुसतं बघा."

डॉक्टरांनी नर्सला हाक मारून बाहेरच्यांना थांबायला सांगितलं. आई टेबलावर चढली, पातळाची गाठ सैल केली आणि छताकडे बघत राहिली. तिला असं दिवसाढवळ्या आडवं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. मला फिरावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी मशीन लावायच्या आधी हातानं पोट दाबून पाहिलं. डावीकडे बोटं रुतवून विचारलं, "इथे दुखतं?"

"न्हाई," आई म्हणाली.

डॉक्टरांनी हात उचलला नाही, तिथेच पुन्हा दाबलं. आईनं माझं मनगट धरलं. तिची पकड इतकी घट्ट होती की दुसऱ्या दिवशी मला तिथे वळ दिसला.

"व्हय," ती म्हणाली. "दुखतं. लई दुखतं."